गाडी कुठवर आली

गाडी एक होती आणि फेऱ्या दोन. सोमवारी ती साताऱ्याहून मेढ्याकडे जाई, गुरुवारी माणात, दहिवडीच्या पलीकडच्या गावांना. गाडीत जनावरांची औषधे असत: जंतांची, गोचिडांची, खुरांना लावायची, खनिज मिश्रणाच्या पिशव्या, आणि बर्फाच्या पेटीत लशी. दुकान आता मुलगा चालवतो. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याने मला सांगितले की दोन्ही फेऱ्या चालवणे यापुढे जमणार नाही. दिवाळीनंतर एकच राहील. कोणती, ते त्याने ठरवले नव्हते. दोन्हीकडची विक्री जवळजवळ सारखी होती. विक्रीवरून निकाल लागत नव्हता, म्हणून तो अ‍ॅपवरून लावायचा, असे त्याने ठरवले.

मी मूळचा मेढ्याकडचा. माझे गाव मेढ्याच्याही पुढे, चढणीवर आहे. नोकरी मात्र बहुतेक माणात झाली. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. माणातले लोक डॉक्टर म्हणत, आणि मी त्यांना दुरुस्त करण्याचे पुढे सोडून दिले. निवृत्तीनंतर दुकान टाकले तेव्हा या दोन्ही फेऱ्या मीच सुरू केल्या. एक नोकरीच्या मुलखात, एक जन्माच्या. आता त्यांतली एक बंद व्हायची होती आणि कोणती ते सांगण्याचा अधिकार माझ्याकडे राहिला नव्हता. मुलाने तसे उघडपणे म्हटले नाही. त्याने फक्त मला मत विचारले नाही.

अ‍ॅप मुलीने तयार केले. ती सांगलीला दिलेली आहे. लग्नाआधी पुण्यात एका कंपनीत होती. आता विश्रामबागेतल्या घरातून काम करते. अ‍ॅप खरे तर दोन होती: एक ग्राहकांसाठी, एक ड्रायव्हरसाठी. ड्रायव्हरच्या फोनवरून गाडीचे ठिकाण जाई आणि ग्राहकाला आपल्या फोनवर गाडी कुठवर आली ते दिसे. गाडीत कोणते औषध आहे, जनावराच्या वजनाप्रमाणे त्याची मात्रा किती, हेही त्यात होते. मागणी अ‍ॅपवर घेत नव्हतो. माणसाने गाडीपाशी यावे, जनावराचे लक्षण सांगावे आणि औषध न्यावे, हीच पद्धत कायम ठेवली होती.

राहिले होते ते ही दोन्ही अ‍ॅप अ‍ॅनालिटिक्सच्या प्लॅटफॉर्मला जोडणे. कोण अ‍ॅप उघडतो, कुठून उघडतो, काय पाहतो आणि पुन्हा येतो का, हे तो प्लॅटफॉर्म मांडून दाखवणार होता. मुलाला हवा होता तो हाच पुरावा. मुलगी म्हणाली, औषधांची नावे आणि मराठी मजकूर तपासायला तुम्ही या. मी सकाळच्या एसटीने सांगलीला गेलो. कराडला गाडी बराच वेळ उभी होती. मी खाली उतरून स्टँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिलो. मला बसवत नाही. नोकरीभर वाड्यावस्त्या चालत आलो. खुर्ची मला मानवली नाही.

प्लॅटफॉर्म कोडचा एक तयार तुकडा देतो. तो अ‍ॅपमध्ये बसवायचा आणि त्यात एक लांबलचक ‘की’, म्हणजे खात्याच्या ओळखीचा अक्षरांचा संच, घालायची, म्हणजे अ‍ॅपमध्ये घडलेली गोष्ट योग्य खात्यात जाऊन पडते. चाचणीची की निराळी, खऱ्या वापराची निराळी. प्रत्येक गोष्टीला नाव द्यावे लागते. तिने इंग्रजी नावे ठेवली होती. मी म्हणालो, ती यंत्रासाठी ठेव, पण तुझा भाऊ वाचणार आहे त्या पानावर मराठी असू दे. मग ‘गाडी पाहिली’, ‘औषध पाहिले’, ‘मात्रा पाहिली’ अशी नावे ठरली.

तिने मला एक जुना फोन दिला आणि ‘गाडी पाहा’वर बोट ठेवायला सांगितले. तिच्या लॅपटॉपवर प्लॅटफॉर्मचे पान उघडे होते. मी दाबले की तिथे एक ओळ उमटायला हवी होती. ती उमटली नाही. मी पुन्हा दाबले.

“अण्णा, एकदाच दाबा आणि थांबा.”

“किती वेळ?”

“ओळ येईपर्यंत.”

मी उठलो, गॅलरीत जाऊन आलो, दाबले. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो, येऊन पुन्हा दाबले. तिने चाचणीच्या फोनवर चुकीची की घातली होती. ती बदलून तिने अ‍ॅप पुन्हा चढवले. अ‍ॅपने तोवरचे माझे सगळे दाबणे साठवून ठेवले होते आणि ते एकदम पाठवले. पान ओळींनी भरले. तिने पान पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले.

“प्लॅटफॉर्मच्या मते तुम्ही फार उत्सुक ग्राहक आहात,” ती म्हणाली.

त्या दिवशी आमच्यात मतभेद झाला तो एकाच गोष्टीवरून. अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना ग्राहकाची संमती घ्यावी लागते. तिच्याकडे तयार मजकूर होता: तुमचा अनुभव अधिक चांगला करण्यासाठी वगैरे. मी तो नाकारला. आपण माणसावर लक्ष ठेवणार असू तर त्याला तसे सांगितले पाहिजे. मी लिहून दिले: ‘तुम्ही हे अ‍ॅप कधी उघडता आणि त्यात काय पाहता, याची नोंद आमचे दुकान ठेवते.’ ती म्हणाली, लोक घाबरतील. मी म्हणालो, ज्याला घाबरायचे असेल त्याला तो हक्क आहे. वाक्य तसेच राहिले.

अ‍ॅप लोकांच्या हाती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एक अडचण आली. प्लॅटफॉर्मच्या नकाशावर सातारा जिल्ह्याबरोबर मुंबई, ठाणे, नवी मुंबई इथेही ठिपके दिसू लागले. अ‍ॅप कोणीही उतरवून घेऊ शकतो. मुंबईच्या माणसाला मेंढीच्या जंतांशी काय काम, असे मुलगा म्हणाला. फोनवर आम्ही तिघे बोललो. गाडी जिथे जात नाही तिथला माणूस आपला ग्राहक नाही, हे त्याचे म्हणणे आम्हा दोघांनाही पटले. मुलीने गाळणी लावली: सातारा जिल्ह्याबाहेरचे फोन मोजायचे नाहीत. नकाशा स्वच्छ झाला.

मग मुलाने ते पान माझ्या फोनवरही सुरू करून दिले. ते त्याने करायला नको होते. सकाळी चहाआधी मी ते पाहू लागलो, जेवताना पाहू लागलो, फिरायला गेलो तर चार भिंतीच्या टेकडीवर, स्मारकाच्या पायऱ्यांवर उभा राहून पाहू लागलो. मेढ्याकडे ठिपके दाट होते. माझ्या गावावर तर ते एकमेकांवर चढले होते. माणाची बाजू जवळजवळ कोरी होती. दहिवडीत दोनचार, म्हसवडकडे एखादा. गुरुवारी गाडी त्या कोऱ्या भागातून एकटी सरकताना दिसे.

मुलगा गुरुवारी सुटा माल कमी भरू लागला. मला बरे वाटायला हवे होते. माझे गाव राहणार होते. तरी पान मिटले की हात पुन्हा ते उघडायला जाई. माणात मी वर्षे काढली होती. शेरडा-मेंढरांशिवाय घर नाही असा तो मुलूख. तिथे औषधाच्या गाडीकडे कोणी पाहत नाही, हे मला नकाशावरून मानता येईना.

एका गुरुवारी मी गाडीत बसलो. ड्रायव्हर साताऱ्याचाच; वडील कापूस पिंजायचे, हा तरुणपणापासून गाडीवर. शुक्रवारी नमाजाला साताऱ्यात असले पाहिजे, एवढीच त्याची अट आणि तीवरूनच माणची फेरी गुरुवारी ठरलेली. वाटेत तो मुलीने दिलेल्या अ‍ॅपबद्दल कुरकुरत होता. गाडी थांबवली की फोनला कळते, चालवली की कळते.

“घरात बायकू इचारत न्हाई एवढं ह्यो मोबाईल इचारतोय,” तो म्हणाला.

दहिवडी सोडल्यावर खिंडीच्या अलीकडे एक चाक बसले. चाक बदलून पुढे निघायला उशीर झाला. त्याने टपरीवर चहा घेतला, मी घेतला नाही. पुढच्या गावात शिरताना मी त्याला सांगितले, उशीर झाला आहे, लोक येऊन परत गेले असतील, हॉर्न मोठा दे.

“हितं हॉर्न लागत न्हाई डॉक्टर,” तो म्हणाला. “आदीच हुब्या असत्यात.”

शाळेच्या भिंतीपाशी बायका उभ्या होत्या. आल्या होत्या त्या नुकत्याच, कारण एक अजून पदराने घाम पुसत होती आणि एकीच्या मागे शेळी दोरीला ओढ देत होती. उशिराच्या गाडीसाठी त्या उशिराच आल्या होत्या. त्यांना कोणी सांगितले, असे मी विचारले. त्यांच्यात एक चाळिशीची, उंच, रोखठोक बाई होती. तिने मला ओळखले. तिच्या सासऱ्यांच्या मेंढ्यांना मी लशी टोचल्या होत्या. तुमच्या फोनवर अ‍ॅप आहे का, असे विचारताच तिने बटणांचा फोन माझ्यापुढे धरला.

“ह्येच्यात कुठलं अ‍ॅप, डॉक्टर?”

“मग गाडी आत्ता येणार हे कसे कळले?”

“मालकांचा फोन आला. म्हनले, गाडी खिंड उतरली, जा आता.”

मालक मुंबईला होते. वाशीच्या मार्केटात पोती उतरवत होते. तिचे मालक आणि बाकीच्या बायकांचेही तिथेच किंवा आसपास. मोठा फोन त्यांच्याकडे, अ‍ॅप त्यांच्याकडे. गुरुवारी ते तिथून गाडी पाहत आणि गावात फोन करून सांगत. हॉर्न वाशीहून वाजत होता.

ड्रायव्हर औषधाची बाटली हातात घेऊन ऐकत होता. तो म्हणाला, “म्हंजी माज्या बायकूला सोडून समद्या माणच्या दादल्यांस्नी मी कुठं हाय त्ये ठावं.” बायका हसल्या. एकीने त्याला सांगितले की त्याची बायको सुखी आहे.

इतक्यात त्या बाईचा फोन वाजला. ‘डॉक्टर आल्यात’ असे सांगून तिने तो माझ्याच हातात दिला. मागे गाड्यांचा आणि हमालांचा आवाज होता.

“डॉक्टर, गाडी आज खिंडीपाशी लय येळ का थांबलेली? च्या प्यायला व्हय?”

मी सांगितले, चाक बसले होते.

“मंग ठीक हाय. आमी म्हनलं बंद पडली का काय. हितं समदी बगाय लागली.”

तुम्ही रोज अ‍ॅप उघडता का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला की गुरुवारी कामात लक्ष लागत नाही; जेवणाच्या सुट्टीत सगळे एकाच फोनभोवती बसतात आणि गाडी म्हसवडच्या फाट्याला लागली का ते बघतात. नंतर मात्रेचे पान काढून, घरी कोकरे किती वजनाची असतील त्याचा हिशेब मनाशी करतात आणि बायकोला सांगतात. मी त्याला कोकराची मात्रा विचारली. त्याने ती बरोबर सांगितली.

फोन परत देताना मी त्या बाईला म्हटले, असा फोन तुम्हीच घेतलात तर गाडी तुम्हाला इथेच दिसेल. तिने मान हलवली.

“नगं. त्ये बगत्यात की. मेंढरं त्येंचीच हायत, आन् हितं त्येंच्या हातात दुसरं काय ऱ्हायलंय?”

मी तिला जंतांचे औषध दिले. ती शेळीला दोरीने ओढत निघून गेली.

परतताना मला स्पष्ट दिसले की आम्ही माण नकाशावरून पुसले होते. दिवाळीनंतर ही गाडी थांबली असती आणि का थांबली ते त्या भिंतीपाशी कोणाला कळले नसते. हेही तितकेच स्पष्ट होते की मी गप्प राहिलो तर माझ्या गावची फेरी वाचते. गाळणी मी लावली नव्हती. माणात काय पाहिले ते मला कोणी विचारले नव्हते. शुक्रवार मी दुकानाच्या मागच्या खोलीत बाटल्या मांडण्यात घालवला. मांडलेल्या पुन्हा मांडल्या. शनिवारी स्टँडवर गेलो, सांगलीची एसटी लागलेली पाहिली आणि घरी परत आलो. सूनबाईने काही विसरलात का असे विचारले. मी नाही म्हणालो. रविवारी सकाळी पुन्हा गेलो आणि या वेळी बसलो.

मुलीला मी जे पाहिले ते सांगितले. तिने लॅपटॉप उघडला, गाळणी काढली, वाशीचे आणि नवी मुंबईचे ठिपके परत आणले आणि ते कोणत्या दिवशी उघडतात ते मांडून पाहिले. गुरुवारचा खांब उंच होता. बाकीचे दिवस जमिनीलगत.

“म्हणजे मी माण पुसून टाकले,” ती म्हणाली.

“तिघांनी मिळून.”

“दादाला मीच सांगते. पण अण्णा, मग मेढ्याचे?”

“ते जसे असेल तसे दिसू दे.”

नुसती गाळणी काढून भागणार नव्हते. मुंबईतला कोणता ठिपका माणाचा आणि कोणता रिकामटेकड्याचा, ते नकाशाला कळत नव्हते. फोन कुठे आहे हे विचारण्यात चूक होती. जनावर कुठे आहे ते विचारायला हवे होते. तिने ग्राहकाच्या अ‍ॅपमध्ये एकच प्रश्न घातला: तुमची जनावरे कोणत्या गावात आहेत? उत्तर त्या माणसाच्या खात्याशी जोडले जाईल आणि मोजदाद गावावरून होईल, फोनवरून नाही. तिने भावाला फोन लावला. सगळे ऐकून तो एवढेच म्हणाला की दिवाळीला अजून अवकाश आहे, पाहू.

नवे अ‍ॅप फोनाफोनांत पोचायला दिवस गेले. उत्तरे तुकड्यातुकड्याने येऊ लागली. वाशीहून, कोपरखैरण्याहून, घाटकोपरहून माणातल्या गावांची नावे येत होती, वस्त्यांच्या नावांसकट. एकाने तर ‘तळ्याच्या वरची वस्ती’ असे लिहिले होते. कोरी बाजू भरली. पण मेढाही तसाच भरलेला राहिला. माझ्या गावाची उत्तरे सर्वांत आधी, एकाच संध्याकाळी, सगळीच्या सगळी आली होती. तराजू समतोल झाला आणि मुलगा पुन्हा अडला. विक्री सारखी, वापर सारखा.

मुलीने मला सांगलीहून फोन केला. तिला काहीतरी खटकत होते. ती म्हणाली, माणाचे लोक गाडी पाहतात, औषध पाहतात, मात्रा पाहतात. मेढ्याकडचे ठिपके बहुतेक आपल्याच गावचे, आणि ते लोक रोज न चुकता येतात, पण दार उघडतात आणि परत जातात. औषधाचे पान कोणी उघडत नाही. सोमवारी येतात तसेच बुधवारी आणि रविवारी. तिने विचारले, तिथे काय आहे, अण्णा?

ते मला माहीत असायला हवे होते. गावी मी लग्नाकार्याला जात होतो. गोठ्यात डोकावले त्याला काळ लोटला होता.

गाडीबरोबर गेलो असतो तर सगळे गाडीपाशी आले असते. म्हणून मी मंगळवारी एसटीने गेलो आणि चढण पायी चढलो. धाकट्या चुलतभावाच्या अंगणात शिरलो तेव्हा तो भाजीचे क्रेट मोजत होता. मला पाहून त्याने खुर्ची आणवली, चहा सांगितला. मी बसलो नाही. गोठ्याकडे गेलो. गव्हाणीत प्लास्टिकचे क्रेट रचलेले होते आणि मोटरसायकल उभी होती. त्यामागे भिंतीला लावून खनिज मिश्रणाच्या पिशव्या ठेवल्या होत्या, आमच्या दुकानाच्या. एकीचीही शिवण उसवलेली नव्हती.

“म्हशी?” मी विचारले.

“इकल्या दादा. चाराय जायाला मानूस कुठाय? पोरं पुन्यात.”

“कधी?”

“झाली की दोन वर्सं.”

“आणि या पिशव्या?”

तो ओशाळला, पण फार नाही. “गाडी सोमवारी दारात येती. आपल्या मानसाची गाडी मोकळी जायाला बरं दिसतंय व्हय? घेतो एकेक आळीपाळीनं.”

बातमी गेली असावी. शेजारची दोन घरे आली, मग आणखी काही. त्यांच्यातही बहुतेकांची तीच गत होती. एकाकडे एक गाय होती, बाकी काही नाही. सगळ्यांच्या हातात फोन होते. चुलतभावाने अ‍ॅप उघडून माझ्यापुढे धरले, मी तपासनीस असल्यासारखे.

“रोज उघडतो बगा. सकाळी एकदा, दिवे लावताना एकदा. एक दिस चुकला न्हाई. हजेरी लागती न्हवं आमची?”

“कसली हजेरी?”

“तुमीच लिवलंयसा की त्येच्यात. कदी उघडता त्येची नोंद दुकान ठेवतं. आमी म्हनलं, दादांच्या दुकानात आपली नोंद कमी पडाय नगं.”

त्याच्या बायकोने सांगितले की ती माहेरी गेली होती तेव्हाही तिने तिथून उघडले होते. जनावरे कोणत्या गावात, या प्रश्नाला त्यांनी गावाचे नाव लिहिले, कारण दुसरे कोणते लिहिणार. मी ज्या वाक्याने लोकांना सावध करायला निघालो होतो, ते त्यांनी आहेराच्या यादीसारखे वाचले होते. त्यात खोटे काही नव्हते. माझ्यासाठी केलेले होते.

मी चहा घेतला. त्यांना म्हटले, फार चांगले केलेत. ते ऐकून चुलतभाऊ खूश झाला. यापेक्षा जास्त काही मी त्याला त्या दिवशी सांगू शकलो नाही. उतारावर पाय भराभर पडत होते. मेढ्याच्या स्टँडवर एसटी नव्हती. मी साताऱ्याच्या रस्त्याने चालू लागलो आणि मागून आलेल्या जीपला हात केला.

दुकानात मुलगा एकटाच होता. मी उभ्यानेच सांगितले की गोठे रिकामे आहेत, सोमवारी खपतात त्या पिशव्या बहुतेक गावातच पडून आहेत, अ‍ॅप लोक माझ्यासाठी उघडतात आणि मेढ्याची फेरी बंद करावी.

त्याने हातातले काम ठेवले. “नक्की?”

“नक्की.”

“अण्णा, माण लांब पडतं. डिझेल जास्त लागतं. मेढा जवळ होता.”

“मला अंतर माहीत आहे.”

“तसं नाही. तुम्हाला काय वाटतं ते विचारतोय.”

त्याने मला विचारले होते. मी म्हणालो, माण चालू ठेव. पण मेढ्याला गाडी आणखी एकदा जाईल. पिशव्या परत आणायच्या आहेत, आणि ज्याने जे दिले ते त्याला परत करायचे. विकलेला माल परत घ्यायची दुकानाची रीत नाही, असे तो म्हणू लागला आणि मधेच थांबला. मग म्हणाला, “मी पण येतो.” मी नको म्हणालो.

शेवटच्या सोमवारी गाडी मोकळी चढली. ड्रायव्हरला मी कारण सांगितले होते. फेरी बंद होत आहे हे मी चुलतभावाच्या अंगणात सगळ्यांना एकदाच सांगितले. जनावरे नाहीत तिथे औषधाची गाडी येणार नाही. एका गायीचे औषध एसटीच्या पार्सलने येईल. कोणी वाद घातला नाही. पिशव्या परत द्यायला मात्र कोणी तयार होईना. चुलतभाऊ म्हणाला की घेतलेली वस्तू परत देणे घराला शोभत नाही. शेवटी मीच एक पिशवी उचलली. या वयात ती मला पेलली नाही, आणि मग त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली व गाडीत टाकली. बाकीच्यांनी आपापल्या आणल्या.

“मग आता अ‍ॅप?” त्याने विचारले. “ऱ्हाऊ द्या की दादा. गुरुवारची गाडी दिसती त्येच्यात.”

“काढा,” मी म्हणालो. “ती गाडी ज्यांची आहे ते बघतात.”

कसे काढायचे ते त्याला येत नव्हते. त्याने फोन माझ्याकडे दिला. मी बोट दाबून धरले, अ‍ॅपची खूण हलू लागली, मी ती पुसली. त्याच्या बायकोने तिचा दिला. मग शेजारच्यांनी. अंगणात ओळ लागली आणि मी उभा राहून एकेक फोन घेत गेलो. कोणाची खूण पहिल्या पानावर होती, कोणाची देवाच्या फोटोशेजारी ठेवलेली. प्रत्येक फोन अ‍ॅप काढण्याआधी नक्की का असे विचारत होता, आणि प्रत्येक वेळी मला हो म्हणावे लागत होते. एका म्हाताऱ्याने फोन परत घेताना, आता नोंद कशी राहील, असे विचारले. मी सांगितले, राहणार नाही.

गाडी भरून उतरली. ड्रायव्हर दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरत होता. पिशव्या मागे सरकत होत्या, म्हणून मी मान वळवून त्यांच्याकडे पाहत राहिलो. साताऱ्यात शिरताना मुलाचा फोन आला. या पिशव्या गुरुवारी माणात चालतील का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, मुदत पाहावी लागेल, आणि दुकानात पोचताच एकेक पाहायला घेतल्या.